आय. सी. यू. मधून घरी आल्यानंतर

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या मामांच्या घरी सत्यनारायणाची पूजा झाली. जुलैच्या थंडीत मामांस न्यूमोनिया झाला होता. त्याचे विष रक्तात पसरले, श्वास पुरेना, आणि शेवटी घशातून नळी घालून त्यांस श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. एकूण १९ दिवस ते रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात होते. त्यांपैकी १२ दिवस यंत्रावर. अतिदक्षता विभाग हा शब्द आम्ही वर्गात शिकवतो, पण घरी मात्र आपण सगळेच आय. सी. यू. म्हणतो, तेव्हा येथेही तसेच म्हणू. इतक्या मोठ्या दुखण्यातून माणूस उठून घरी आला म्हणून ही पूजा होती. सारे गणगोत जमले होते, मंडळीतील लोक आले होते, आणि प्रत्येक जण मामांस हेच सांगत होता की तुमचा हा दुसरा जन्म.

प्रसाद वाटण्याची वेळ आली. मामांच्या धाकट्या सुनेने, म्हणजे आमच्या वहिनीने, त्यांच्या हातात शिरा ठेवला. मामांनी तो घेतला, पण तोंडात घातला नाही. वहिनी आत गेली तशी त्यांनी तो हळूच केळीच्या पानाखाली सरकवला. आम्ही शेजारीच बसलो होतो. आम्हांस ते दिसले. सत्यनारायणाचा प्रसाद टाकू नये हे ज्यांनी आम्हांस लहानपणी शिकविले, त्यांनीच तो टाकला होता.

मागाहून कळले की हे काही एका दिवसाचे नव्हते. घरी आल्यापासून मामा वहिनीच्या हातचे पाणीसुद्धा घेत नव्हते. मामी वारल्यापासून ज्या सुनेने आठ वर्षे त्यांचे जेवणखाण आणि मधुमेहाच्या गोळ्या सांभाळल्या, तिच्याकडे ते संशयाने बघत. रात्री दिवा मालवू देत नसत. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हची टीं-टीं वाजली की दचकून उठून बसत. मुलाने विचारले तर “काही नाही” एवढेच उत्तर.

त्या दिवशी आम्ही एक चूक केली, ती येथे कबूल करणे भाग आहे. मास्तरकीची सवय वाईट असते; कोणी चुकताना दिसले की उपदेश करावासा वाटतो. आम्ही मामांस ओसरीवर नेले आणि सांगितले, “मामा, देवाने तुम्हांस परत आणले, सुनेने रात्रीचा दिवस केला, आता मन खट्टू करून कसे चालेल? देवाचे उपकार माना.” मामांनी मान डोलाविली. त्यानंतर दोन महिने ते आमच्याशी कामापुरते बोलले.

घरातील इतरांनीही आपापली निदाने केली. एक मावशी म्हणाली, दृष्ट लागली आहे, काढून टाका. कोणी म्हटले, म्हातारपण, दुसरे काय. एका भाच्याने आवाज खाली आणून “ब्राउन-सेकार”ला दाखवावे असे सुचविले, आणि त्यावर घरात असे भांडण झाले की पुन्हा तो विषयच कोणी काढला नाही. बो-बासँच्या मानसिक रुग्णालयाचे नाव निघाले की आपल्या बेटावर काय होते ते वाचकांस सांगावयास नको. एक गोष्ट मात्र जाता जाता सांगतो. ज्यांचे नाव त्या रुग्णालयास दिले आहे ते शार्ल-एद्वार ब्राउन-सेकार १८१७ साली पोर्ट लुईमध्ये जन्मले, आणि मज्जासंस्थेच्या संशोधनाने जगभर नावाजले गेले. आपल्याच मातीतील एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे नाव आपण शिवीसारखे वापरतो, याचे आम्हांस शिक्षक म्हणून वाईट वाटते.

मामांचे कोडे सुटले ते गणेश चतुर्थीस. आमची एक मावसबहीण बरीच वर्षे इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. ती सणासाठी आली होती. तिने वहिनीचे ऐकून घेतले, मग मामांजवळ जाऊन बसली आणि क्रिओलमध्ये, अगदी सहज विचारले, “मामा, तिथे असताना तुम्हांला काय काय दिसले?” हा प्रश्न इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग बोलू लागले ते दिवेलागण होईपर्यंत.

मामांनी उभा जन्म साखर कारखान्यात काढला. कारखाना बंद झाला तेव्हाच ते घरी बसले. आय. सी. यू. मध्ये त्यांस वाटत होते की आपण कारखान्यातच आहोत. कूपचा हंगाम आहे, वाफेचे सुस्कारे चालू आहेत, आणि आपल्याला हात बांधून उसाच्या पट्ट्यावर निजविले आहे. पट्टा चरकाकडे सरकतो आहे. चरकाच्या लाटा पायांपासून सुरुवात करतात, पोटऱ्या दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. वर कोणीतरी पांढऱ्या कपड्यातले उभे राहून मोजणी करीत आहेत. आणि बाजूला वहिनी एका कागदावर सही करीत आहे. तिने आपल्याला विकले, हे त्यांस तेथे पक्के कळले होते. “मला ठाऊक आहे हे खरे नसेल,” मामा म्हणाले, “पण मी ते पाहिले आहे. तुझा चेहरा जेवढा स्पष्ट दिसतो तेवढेच स्पष्ट पाहिले आहे.”

मावसबहिणीस त्यात नवल वाटले नाही. तिने अशा कितीतरी कहाण्या ऐकल्या होत्या. कोणी सांगतो मला जहाजात कोंडले होते, कोणी म्हणतो परिचारिका रात्री विष टोचीत होत्या, कोणाला वाटते आपली बायको ती नव्हेच, तिच्या रूपात दुसरी कोणी आली आहे. डॉक्टर याला डिलीरियम म्हणतात. आपल्या आज्या-पणज्यांस हा प्रकार ठाऊक होता, तापात माणूस बरळू लागला की त्या म्हणत, “त्यास वात झाला.” ताप उतरला की वातही उतरे, आणि बहुतेक लोक ते बोलणे हसण्यावारी नेत. पण आय. सी. यू. मधला वात उतरल्यावरही मागे काय ठेवून जातो, हे जगास बऱ्याच उशिरा कळले. त्याचे कारण या विभागाच्या जन्मातच आहे.

१९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी झालेली मुले एकामागून एक येऊ लागली. सुरुवातीच्या आठवड्यांत यंत्रांत ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने ऑगस्टमध्ये एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्यास छिद्र पाडून, नळी बसवून, रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसांत हवा भरली. मुलगी वाचली. पण पिशवी रात्रंदिवस दाबणार कोण? वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसले आणि आठवडेच्या आठवडे हातांनी श्वास देत राहिले. पुढील वर्षी, डिसेंबर १९५३ मध्ये, इब्सेन यांनी त्याच शहरात अत्यवस्थ रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. आजच्या आय. सी. यू. चा तो आरंभ मानतात.

त्या मुलांच्या उशाशी एक जिवंत माणूस सतत बसलेला असे, आणि मुले बहुधा जागी असत, हे आम्हांस येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. पुढे हातांची जागा यंत्राने घेतली. यंत्राशी रुग्णाने झगडू नये म्हणून गाढ गुंगीची औषधे आली. माणूस जगला की नाही, हाच एक हिशेब कित्येक वर्षे मांडला जात होता. आणि जेथे मृत्यू दाराशी उभा असतो तेथे तो हिशेब पहिला असणे रास्तच आहे. घरी गेल्यावर त्याची झोप, स्मरण, मन यांचे काय झाले हे पाहावयास त्या विभागाकडे ना वेळ होता, ना रीत.

ही रीत ज्यांनी घालण्याचा प्रयत्न केला त्यांत अमेरिकेतील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे डॉक्टर आहेत. वेस्ली ईली यांच्या गटाने २००१ साली एक सोपी चाचणी सिद्ध केली. नळीमुळे ज्यास बोलता येत नाही अशा रुग्णासही डिलीरियम आहे की नाही, हे तीमुळे परिचारिकेस खाटेजवळच थोड्या वेळात ओळखता येते. याच गटाचा एक मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आरंभीचे नाव वाचून आम्हांस जरा अभिमान वाटला, कारण ते आहे प्रतीक पंढरीपांडे. या अभ्यासात ८२१ रुग्ण होते. रुग्णालयात असताना त्यांपैकी ७४ टक्क्यांस डिलीरियम झाला. तीन महिन्यांनी जे हयात होते त्यांची बुद्धी तपासली, तेव्हा १०० पैकी ४० जणांचे गुण डोक्यास मध्यम मार लागलेल्या माणसाइतके खाली होते, आणि २६ जणांचे तर स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर रोगाची सुरुवात झालेल्या माणसासारखे. वर्षानंतरही हे आकडे ३४ आणि २४ च्या खाली आले नाहीत. यांत केवळ वृद्ध नव्हते; तरुणांसही हे भोगावे लागले. आणि ज्याचा डिलीरियम जितके जास्त दिवस टिकला, त्याची बुद्धी तितकी अधिक मंदावलेली आढळली.

हे वाचले तेव्हा आम्हांस मामांची हिशेबाची वही आठवली. मामा गावच्या मंडळीचे खजिनदार होते. घरी आल्यावर महिन्याभरात त्यांनी हट्टाने वही हातात घेतली, आणि वर्गणीच्या बेरजा चुकू लागल्या. एकाच घरची वर्गणी दोनदा लिहिली गेली, दुसऱ्या घरची मुळीच नाही. ३२ वर्षांत ज्यांच्या वहीत एका रुपयाची चूक निघाली नव्हती, त्यांच्याबद्दल मंडळीत कुजबुज सुरू झाली. उघड कोणी काही बोलले नाही, पण पुढच्या सभेत वही दुसऱ्याकडे गेली. मामांनी ती स्वतः उचलून दिली आणि घरी येऊन दार लावून घेतले. त्या माणसाचे डोके आजारातून अजून उठलेले नाही, पायांसारखीच त्यासही ताकद यावयास वेळ लागेल, एवढे जर कोणी सभेत उभे राहून सांगितले असते! आम्ही त्या सभेत हजर होतो. आम्हांस तेव्हा ठाऊकच नव्हते.

या सर्व परिणामांस मिळून एक नाव असावे असे डॉक्टरांस वाटले. २०१० साली अमेरिकेतील अतिदक्षता वैद्यकांच्या संस्थेने त्यासाठी बैठक घेतली, आणि २०१२ मध्ये ते नाव प्रसिद्ध झाले. त्याचा मराठीत अर्थ अतिदक्षतेनंतरची लक्षणे असा करता येईल. यात शरीराचा अशक्तपणा आला, बुद्धीचे मंदावणे आले आणि मनाचे दुखणेही आले. निरनिराळे अभ्यास एकत्र करून पाहता, आय. सी. यू. मधून वाचलेल्यांपैकी साधारण तिघांत एकास पहिल्या वर्षात उदासीनतेची ठळक लक्षणे दिसतात. पाचांत एकास, युद्धातून परतलेल्या सैनिकास व्हावा तसा त्रास होतो: तेच दृश्य पुन्हा डोळ्यांपुढे येणे, दुःस्वप्ने, आवाजाने दचकणे, ज्या वस्तू आठवण देतात त्या टाळणे. रुग्णालयापुढून जाणारी बससुद्धा असे लोक टाळतात. पुढच्या तपासणीस जात नाहीत, आणि घरचे म्हणतात आळस करतो.

येथे एक विचित्र गोष्ट कळते. आपल्यास वाटेल की ज्याला आय. सी. यू. मधले काहीच आठवत नाही तो सुखी. लिव्हरपूलजवळच्या व्हिस्टन रुग्णालयातील क्रिस्टिना जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखविले ते याच्या उलट आहे. नळी टोचत होती, तहान लागली होती, शेजारच्या खाटेवरचा माणूस वारला, अशा खऱ्या आठवणी दुःखाच्या असल्या तरी त्या माणसास धरून ठेवतात. ज्याच्याजवळ खरी आठवण एकही नाही आणि केवळ भ्रमातले देखावे आहेत, त्यास अधिक त्रास होतो. कारण ते देखावे कशाशी ताडून पाहावे हे त्याजवळ नसते. शिवाय खरी आठवण महिन्यांनी पुसट होते, भ्रमाची तशी होत नाही. मामांनी “मी ते पाहिले आहे” म्हटले ते शब्दशः खरे होते.

डिलीरियम का होतो? मेंदूस रक्तातील विषाचा, ज्वराचा, प्राणवायूच्या कमतरतेचा मार बसतो. त्यात झोप नाही. रात्री दोन वाजताही दिवे आणि घंटा. गुंगीच्या काही औषधांचाही वाटा आहे. लोराझेपाम या औषधाने डिलीरियमचा धोका वाढतो असे पंढरीपांडे यांच्याच गटाने २००६ साली दाखविले. ज्याचा चष्मा घरी राहिला आणि कानातले यंत्र उशाखाली गेले, त्यास तर दिवस की रात्र हेही कळत नाही. आणि सर्वच रुग्ण ओरडत, नळ्या ओढीत नाहीत. पुष्कळ जण नुसते छताकडे बघत पडून राहतात. घरचे म्हणतात, आज शांत आहेत. आतमध्ये चरक फिरत असतो.

मामांच्या बाबतीत भाषेचीही भर पडली असे आम्हांस वाटते. आमच्या घरी रोजचे बोलणे क्रिओलमध्ये. मराठी पूजेपुरती आणि शाळेपुरती. पण गुंगी उतरत असताना मामा मराठीत बोलत होते. वहिनीने ते ऐकले तेव्हा ते आपल्या आईस हाका मारीत होते आणि मध्येच पाढे म्हणत होते. तेथील परिचारिका भली होती, परंतु तिला ती भाषा कशी कळावी? तिला वाटले, आजोबा नुसते आवाज काढीत आहेत. भेटीची वेळ थोडी, एका वेळी एकच माणूस. ज्यास त्यांचे बोलणे कळत होते तो माणूस दिवसाचे तेवीस तास बाहेरच्या बाकावर होता.

२०२० साली करोनाच्या साथीत तर जगभर नातेवाइकांस दारातच अडविले गेले. त्या काळातील १४ देशांतल्या २०८८ रुग्णांची माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत दिसून आले की घरच्या माणसाची भेट झालेल्यांस, मग ती फोनच्या पडद्यावर का असेना, डिलीरियमचा धोका कमी होता. मात्र केवळ भेटीची वेळ वाढविल्याने सारे सुटेल असे समजू नये. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत दिवसाकाठी बारा तासांपर्यंत भेटीस मोकळीक देऊन पाहिली. २०१९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला की रुग्णांच्या डिलीरियममध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, पण नातेवाइकांची चिंता आणि उदासी निश्चित कमी झाली. आमच्या मते तेवढ्यासाठीही दार उघडणे योग्य आहे. कारण घरच्यांसही हा रोग लागतो. वहिनी स्वतः कित्येक महिने रात्री फोन वाजला की थरथरत असे, आणि तिची विचारपूस करावी हे कोणाच्या मनात आले नव्हते.

रुग्णास फार गाढ न निजविणे आणि लवकर हालविणे यांचा उपयोग मात्र सिद्ध झाला आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात यंत्रावरच्या १०४ रुग्णांपैकी अर्ध्यांस रोज गुंगी उतरवून अगदी पहिल्या दिवसांपासून हातपाय हालविणे, बसणे, उभे राहणे असा व्यायाम दिला. त्यांचा डिलीरियम दोन दिवस टिकला, इतरांचा चार. नळी असलेला माणूस खाटेच्या कडेला बसलेला पाहून आपल्या काळजाचे पाणी होईल, परंतु डॉक्टर तसे करू लागले तर त्यांस अडवू नये.

आणि मग आहे ती वही. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन या देशांतील परिचारिकांनी काही दशकांपूर्वी आपण होऊन एक पद्धत पाडली. बेशुद्ध रुग्णाच्या खाटेशी एक वही ठेवायची, आणि परिचारिकेने व घरच्यांनी तीत रोज चार ओळी लिहायच्या, जणू त्याला पत्रच लिहीत आहोत. आज मंगळवार, बाहेर बर्फ पडतो आहे, आज तुमची नळी बदलली, तुमची बहीण आली होती, तुम्ही तिचा हात दाबलात. माणूस घरी गेला की वही त्याला द्यायची. युरोपातील सहा देशांत ३५२ रुग्णांवर याची परीक्षा झाली आणि २०१० साली क्रिस्टिना जोन्स यांनी निष्कर्ष मांडला: वही मिळालेल्यांत त्या सैनिकी आघातासारखा त्रास नव्याने ५ टक्क्यांस झाला, न मिळालेल्यांत १३ टक्क्यांस. पुढे २०१९ मध्ये फ्रान्समधील ३५ विभागांतील ६५७ रुग्णांची मोठी परीक्षा झाली. तीत तीन महिन्यांनंतर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. म्हणजे वही हे काही रामबाण औषध नव्हे. परंतु वहीस खर्च नाही, आणि आम्ही एका घरात तिचा उपयोग डोळ्यांनी पाहिला आहे.

कारण वहिनीने न कळत तेच केले होते. तिच्या मुलाच्या शाळेच्या एका अर्ध्या भरलेल्या वहीत ती रोज लिहीत असे. हेतू साधा: कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितले ते संध्याकाळी सर्वांस फोनवर सांगता यावे. ताप किती, लघवी किती, कोण कोण भेटून गेले, बसचे भाडे. एके ठिकाणी लिहिले होते, “आज बाबांचे हात बांधले आहेत. नळी ओढली म्हणून. सिस्टर म्हणाली रात्रीपुरते. मी बराच वेळ हात धरून बसले, मग वेळ संपली.” दुसऱ्या ठिकाणी, “गळ्याला छिद्र पाडण्यासाठी सही मागितली. मी विचारले, नाही केले तर? नंतर म्हणाले आता गरज नाही, श्वास सुधारला.”

सही होती ती ही. मावसबहिणीने मामांस ते पान वाचून दाखविले तेव्हा वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मामांनी पान आपल्या हातात मागून घेतले आणि चष्मा लावून स्वतः वाचले.

इंग्लंडमध्ये २००९ पासून सरकारी मार्गदर्शनातच असे लिहिले आहे की आय. सी. यू. मधून उठलेल्या रुग्णास दोन-तीन महिन्यांनी बोलावून त्याच्या शरीराइतकीच मनाची विचारपूस करावी. पुष्कळ रुग्णालये त्या वेळी त्यास तो विभागही पुन्हा दाखवतात. आम्ही मामांच्या डॉक्टरांस तशी विनंती केली, आणि तेथील मुख्य परिचारिकेने आनंदाने होकार दिला. दारापर्यंत जाऊन मामा दोनदा मागे फिरले. तिसऱ्यांदा वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले. वाफेचे सुस्कारे म्हणजे श्वसनयंत्र होते. पांढऱ्या कपड्यातली मोजणी म्हणजे पाळी बदलताना औषधांची मोजदाद. आणि चरक? परिचारिकेने एका मोकळ्या खाटेवरच्या रुंद पट्ट्या दाखविल्या. झोपून राहणाऱ्याच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून त्या पोटऱ्यांस गुंडाळतात. त्या आपोआप हवेने फुगतात, पाय दाबतात, सोडतात. तिने एक पट्टी मामांच्या हातास गुंडाळून यंत्र चालू केले. मामा ते दाबणे आणि सोडणे कितीतरी वेळ बघत राहिले. मग क्रिओलमध्ये एवढेच म्हणाले, “एवढेच होते होय?”

याने सारे बरे झाले असे आम्ही म्हणणार नाही. दिवा अजून रात्रभर जळतो. हिशेबाची वही मामांकडे परत आलेली नाही, जरी नातवाबरोबर बसून ते रोज एक पान बेरजा करतात. मेडिक्लिनिकच्या डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे महिन्यातून एकदा मानसतज्ज्ञाकडे जातात, आणि शेजाऱ्यांस आम्ही ते उघड सांगतो. ज्या वाचकांच्या घरी असा माणूस आला असेल त्यांनी त्याच्या डॉक्टरांस एवढे अवश्य सांगावे की हा आय. सी. यू. मध्ये इतके दिवस, यंत्रावर इतके दिवस होता, आणि आता त्यास झोप नाही, विसरतो, घाबरतो. पुष्कळदा छातीची तपासणी होते आणि ही गोष्ट सांगावयाची राहून जाते. आपल्या बेटावर मधुमेह आणि हृदयविकार घरोघर आहेत, आय. सी. यू. चे दार न पाहिलेले कुटुंब विरळाच.

वहिनीच्या हातचे मामा आता खातात. ती वही त्यांच्या उशाशी असते. मात्र तीत तीन दिवसांची पाने कोरी आहेत. वहिनी स्वतः तापाने पडली होती आणि त्या दिवसांत कोणी लिहिले नाही. मामा जो भेटेल त्यास अजून विचारतात की त्या तीन दिवसांत तुम्ही आला होता काय, आणि मी तेव्हा कसा होतो. गेल्या रविवारी आम्हांसही विचारले. आम्ही त्या आठवड्यात परीक्षेच्या कामात होतो, गेलो नव्हतो, तसे त्यांस सांगितले.